माझ्या पेरांत कोंडलेला वारा

“पेराला भोक पाडू नको, चांदभाई. बाकी काय करायचं ते कर, पन भोक तेवढं पाडू नको.”

झुंबरबाई बुरडिणीचा हा आवाज अजून माझ्या कानांत आहे. तुम्ही म्हणाल, काठीला कुठले आले कान? पण मित्रांनो, मी ऐकते. गेले दोन दिवस तर मी हेच एक वाक्य ऐकते आहे.

मी एक जुनी डोलकाठी आहे. पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर कादर नावाड्याची नाव असते. तिच्या मधोमध मी बारा वर्षं उभी होते. माझ्या अंगावर शीड चढायचं, शिडात वारा भरायचा आणि पावसाळ्यात दुथडी भरलेली नदी ओलांडून माणसं या काठावरून त्या काठाला जायची. आज मी उभी नाही. घाटाच्या वरच्या पायरीवर आडवी पडले आहे. जे घडलं ते माझं मलाच खरं वाटत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. ओळीनं सांगितलं तर निदान मला तरी उमगेल.

मी मूळची अकोल्याच्या डोंगरातली. तिथल्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटात मी वाढले. झुंबरबाईनं मला तोडलं, सावलीत वाळवलं आणि बैलगाडीतून पुणतांब्याच्या बाजारात आणलं. कादरचे वडील चांदभाई नावेसाठी काठी बघायला आले, तेव्हा तिनं माझं एकेक पेर बोटांनी वाजवून दाखवलं. पेर म्हणजे दोन गाठींच्या मधला भाग. प्रत्येक गाठीला आतून एक पडदा असतो, त्यामुळे प्रत्येक पेर बंद डब्यासारखं असतं.

“ऐक,” झुंबरबाई म्हणाली, “पेरापेरात वारा कोंडलाय. नाव कलंडली तरी ही काठी पान्यावर तरंगंल. पान्याखाली जायची न्हाई.”

“मंग नावबी पालथी व्हायची न्हाई,” चांदभाई म्हणाले.

“व्हय. म्हनून सांगते, भोक पाडू नको.”

चांदभाईंनी मला खांद्यावर घेतलं. माझी दोन्ही टोकं त्यांनी राळ आणि मेण लावून बंद केली. शिडाची दोरी अडकवायला सुद्धा त्यांनी खिळा मारला नाही, वरून तागाची वेटोळी बांधली. असा जपणारा माणूस होता तो. रोज सकाळी नाव सोडण्याआधी माझ्यावर हात ठेवून ‘बिस्मिल्ला’ म्हणायचे. नावेत बसलेल्या बायका त्याच वेळी ‘गंगामाई, सांभाळ गं’ म्हणायच्या. मला दोन्हींची सवय झाली होती.

माझी परीक्षा १९४१ सालच्या भाद्रपदात झाली. भर पात्रात असताना पश्चिमेकडून वाऱ्याचा असा सपाटा आला की कुणाला काही कळायच्या आत नाव एका कुशीवर पडली. बायका पाण्यात, गाठोडी पाण्यात.  पण मी पाण्यावर आपटले आणि तिथंच थांबले. खाली गेले नाही. माझ्या पेरांतल्या वाऱ्यानं मला उचलून धरलं, आणि मी नावेला धरलं. नाव कुशीवर पडून राहिली, पण पालथी झाली नाही.

“डोलकाठी धरा!” चांदभाई ओरडले. “नाव सोडू नका! डोलकाठी धरा!”

सगळ्यांत आधी माझ्या गळ्यात पडली ती गोजरबाई. पलीकडच्या वस्तीवरची शेतकरीण. अंगानं थोराड, आवाजानं त्याहून मोठी. तिनं मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि बाकीच्यांना हाका मारू लागली, “अगं ये भवाने, हिकडं ये! बुडत न्हाई ही!” एकामागून एक पाच जणी माझ्या अंगाला लोंबल्या. मी थोडी दबले, पण बुडाले नाही.

मग चांदभाईंनी शिडाची दोरी सोडून टाकली. शिडात पाणी भरलेलं असलं की नाव उठत नाही. त्यानंतर ते पोहत नावेच्या तळाच्या बाजूला गेले, वर आलेली कड धरली, तळाच्या जाड फळीवर पाय रोवले आणि सगळा भार मागं टाकून लोंबकळले. “आता काठी सोडा, कडंला या!” ते म्हणाले. बायकांनी सोडलं, आणि मी हळूहळू पाण्यातून वर उठू लागले. माझ्या अंगावरून पाणी ओघळत होतं. थोड्या वेळानं मी पुन्हा उभी होते. नाव पाण्यानं काठोकाठ भरली होती, पण लाकडाची नाव ती, तरंगत राहिली. बायकांनी आंघोळीला आणलेल्या तांब्यांनीच पाणी उपसून काढलं.

त्या दिवसापासून माझं नाव झालं. ‘न बुडणारी काठी.’ गोजरबाई तर दर खेपेला नावेत चढली की आधी मला हळद-कुंकू लावायची. तिची धाकटी जाऊ लंकाबाई गप्प स्वभावाची आणि पाण्याला फार भिणारी होती. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला. ती गोजरबाईच्याच घरी राहायची. गोजरबाई तिला हसून म्हणायची, “लंके, भितीस काय? काही झालं तर ही काठी धरायची. देव विसरला तरी ही विसरायची न्हाई.”

“आक्का, असं बोलू ने,” लंकाबाई हळूच म्हणायची.

चांदभाई चार वर्षांनी गेले. नाव कादरकडे आली. कादर वाईट नव्हता, हे आधीच सांगते. नदीची त्याला जाण होती आणि बायामाणसांची कदर होती. पण झुंबरबाईचं बोलणं त्यानं स्वतः तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते त्यानं वडिलांकडून ऐकलं होतं. आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं माणसाला तितकंसं लागत नाही.

यंदा, म्हणजे १९४७ साली, श्रावण अधिक आला. अधिक महिन्यात नदीचं स्नान, देवदर्शन आणि काही ना काही नेम असतो, हे तुमच्या घरातल्या आयाबायांना विचारा. गोजरबाईनं नेम धरला की महिनाभर रोज नदी ओलांडून पुणतांब्याच्या घाटावर स्नान करायचं, देवाला जायचं आणि मग घरी जाऊन एकदाच जेवायचं. शेवटच्या दिवशी तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. लंकाबाई तिच्याबरोबर यायची. त्याच दिवसांत रमजान चालू होता. नाव वल्हवणारा रोज्याचा उपाशी, नावेत बसणाऱ्या नेमाच्या उपाशी.

“कादर, तुझं अन्‌ आमचं पोट एकाच येळंला वरडतंय बघ,” गोजरबाई म्हणायची.

“तुमचं दुपारी गप होतं, मावशी. माझं दिवस मावळंपत्तर,” कादर म्हणायचा. नावेत हशा व्हायचा.

आणि त्याच महिन्यात पंधरा ऑगस्ट आला. देश स्वतंत्र होणार होता. कादरच्या मनात आलं, आपल्या नावेवर झेंडा लागला पाहिजे. त्यानं झेंडा आणलाही. पण झेंड्याची दोरी शिडाच्या दोरीत गुंतायची. झेंडा अर्ध्यावर अडकायचा. दोनदा असं झालं, तेव्हा घाटावरच्या लोकांनी थट्टा केली. कादरला ते लागलं.

तो मला उतरवून गोरक्ष लोहाराकडे घेऊन गेला. दोघं लहानपणचे सोबती.

“दोरी काठीच्या आतून न्यायची,” कादर म्हणाला. “भाईरून कुनाला दिसाया नको. झेंडा आपला आपन चढला पायजे.”

“पेरं फोडावी लागत्याल,” गोरक्ष म्हणाला.

कादर क्षणभर थांबला. मित्रांनो, तो थांबला होता, हे मी पाहिलं. “अब्बा म्हनायचे, भोक पाडू नको,” तो पुटपुटला. “पन ते काठी चिरंल म्हनून म्हनत असतील. तू चिरू देऊ नको म्हंजे झालं.”

गोरक्षाचा हात कसबी होता. त्यानं लांब सळई लालभडक तापवली आणि माझ्या शेंड्यातून आत घातली. एक पडदा जळाला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक पडदा जळताना आतला वारा फुस्स करून बाहेर यायचा. शेंड्यापासून माणसाच्या छातीपर्यंत त्यानं मला आरपार पोकळ केलं, आणि खाली दोरी बाहेर काढायला एक भोक पाडलं. मी कुठंही चिरले नाही. एवढं सफाईदार काम! दोघं खूश झाले. मीसुद्धा, खरं सांगते, खूश झाले. मला वाटलं, आता माझ्यातून झेंडा चढणार.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी घाटावर गर्दी झाली. कादरनं खालची दोरी ओढली, आणि झेंडा कुठलीही दोरी न दिसता सरसर वर गेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. गोजरबाई नावेतूनच ओरडली, “कादऱ्या, जादू शिकलास व्हय रं?” कादर लाजला. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मानाचा होता.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. अधिक महिन्याची समाप्ती. गोजरबाई आणि लंकाबाई सकाळीच पलीकडच्या काठावर आल्या. गोजरबाईच्या हातात पितळी डबा, त्यात तेहतीस अनारसे, वर स्वच्छ फडकं. आणखी तिघी जणी होत्या. झेंडा अजून माझ्या शेंड्यावर फडकत होता. कादरला तो उतरवावासा वाटला नव्हता.

नाव मध्यावर आली. आभाळ पश्चिमेला काळं होतं. कादर शीड उतरवायला उठला, आणि तेवढ्यात सपाटा आला. अगदी सहा वर्षांपूर्वीसारखा. नाव कलंडली. मी पाण्यावर आपटले.

आणि कादरनं, वडिलांच्या आवाजात, वडिलांचेच शब्द उच्चारले. “डोलकाठी धरा! डोलकाठी धरा!”

तो विसरला होता. मित्रांनो, देवाला स्मरून सांगते, तो विसरला होता. संकटात तोंडातून तेच बाहेर पडतं जे लहानपणापासून ऐकलेलं असतं.

गोजरबाईनं डबा सोडला आणि माझ्याकडे झेप घेतली. दोन्ही हातांनी मला कवटाळलं. “लंके, हिकडं ये! बुडत न्हाई ही!” ती ओरडली. लंकाबाई नावेच्या कडेला धरून होती. भीतीनं तिची बोटं सुटेनात. “आक्का, मला येता येईना!” एवढंच ती म्हणाली.

माझ्या शेंड्यातून पाणी आत शिरलं. खालच्या भोकातून वारा बाहेर पडू लागला. मला त्याचे बुडबुडे ऐकू येत होते. मी जड झाले. वर भिजलेलं शीड, भिजलेला झेंडा. मी खाली जाऊ लागले. मला थांबायचं होतं. मी थांबू शकत नव्हते. गोजरबाई माझ्या गळ्यात होती. तिनं मला सोडलं असतं, तर ती वर राहिली असती. पण तिनं सोडलं नाही. ती का सोडेल? मी बुडत नाही, असंच तर ती सहा वर्षं सगळ्यांना सांगत होती.

मी खाली गेले आणि नाव माझ्यामागून फिरली. तिचा तळ आभाळाकडे झाला. शीड गोजरबाईवर पसरलं. तिचा पदर माझ्या दोरीत गुंतला. मी खाली गढूळ पाण्यात, आणि ती माझ्याजवळ. पुढचं मला सांगवत नाही.

कादरनं बाकीच्या चौघींना पालथ्या नावेच्या पाठीवर चढवलं. मग तो पुन्हा पुन्हा पाण्यात बुड्या मारत राहिला. नाव वाहत जाऊन वळणावरच्या बाभळींत अडकली. काठावरून लोक धावले. पोहायला शिकताना कमरेला बांधतात ते वाळके भोपळे घेऊन सगळ्यांत पुढं गोरक्ष होता. त्यानं ते भोपळे एकत्र बांधले आणि खाली बुडी मारून माझ्या शेंड्याला अडकवले. भोपळ्यांनी मला वर ढकललं. चार माणसं तळाच्या फळीवर उभी राहून मागं रेलली. नाव उलटून सरळ झाली आणि मी पाण्यातून वर आले.

त्यांनी गोजरबाईला सोडवलं. फार उशीर झाला होता.

 माझ्या छातीच्या भोकातून पाण्याची धार पडत राहिली. थांबेचना. गोरक्ष त्या धारेकडे बघत राहिला आणि एकदम चिखलात खाली बसला.

“कादर,” तो म्हणाला, “हे पानी आतून येतंय.”

 त्याचा चेहरा असा झाला की जणू त्यालाच पाण्यातून काढलंय.

“कुनाला बोलू नको,” गोरक्ष त्याच्या कानाशी लागला. “तुझी नाव जाईल. माझी भट्टी इझंल. गेलेलं मानूस काय येतंय का?”

दुपारी कादर गोजरबाईला घेऊन पलीकडे गेला, लंकाबाईही नावेत होती. शीड नव्हतं. मी नावेत आडवी होते, तिच्या शेजारी. पलीकडच्या काठावर तिचा मुलगा कारभारी उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लंकाबाईकडे.

“आई काठी धरायची,” तो म्हणाला. “बारा गावांला ठावं हाय, ही काठी बुडत न्हाई. मंग माजी आई बुडली कशी?”

कादर नावेचा दोर खुंटाला बांधत राहिला.

“हिनं वढलं तिला,” कारभारी लंकाबाईकडे बोट करून म्हणाला. “पान्याला भिते ना ही! आईला काठीवरनं वढून सोता नावंच्या पाठीवर बसली. काकी, आजपासनं माझ्या घरात पाऊल टाकायचं न्हाई.”

मित्रांनो, मी त्या नावेत पडून होते आणि ओरडत होते. नाही, तिनं नाही ओढलं. मी ओढलं. पण काठीचं कोण ऐकणार? कादरनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आणि मिटलं.

लोक गोजरबाईला घेऊन गेले. लंकाबाई एकटीच राहिली. नावेत तिचा तांब्या राहिला होता, तो घ्यायला ती आली.

“कादर,” तिनं विचारलं, “मी वढलं का रं आक्काला?”

“न्हाई, मावशी.”

“मला तर काय आठवंना झालंय. समदे म्हनत्यात, तर वाटतं मी वढलंबी आसंल.”

हे ऐकलं आणि कादरला हुंदका फुटला. आपण न केलेली चूक ती बाई खरी मानायला लागली होती.

“तू न्हाई वढलंस,” तो म्हणाला. “कशानं झालं ते मला ठावं हाय. परवा राख सावडाया समदे हितं काठावर येत्याल. तवा मी येतो, आन समद्यांम्होरं सांगतो. शब्द हाय माझा.”

 ती तांब्या छातीशी धरून तशीच उभी राहिली.

त्या संध्याकाळी घाटावर सकीना, कादरची बायको, त्याला शोधत आली. सूर्य मावळून बराच वेळ झाला होता. “अवो, रोजा सोडा,” ती म्हणाली. तेव्हा कुठं त्याला आठवलं. मग त्यानं सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिनं माझ्या त्या भोकावर बोट ठेवलं. लगेच काढून घेतलं, चटका बसावा तसं.

मित्रांनो, मी पडल्या पडल्या खूप विचार केला. कुणाला दोष द्यायचा? गोरक्षानं काम चोख केलं. कादरनं देशासाठी झेंडा लावला. माझ्याकडे बघून कुणालाही मी धडधाकटच वाटले असते. पण माझं बळ लाकडात नव्हतंच. ते त्या बंद पेरांत होतं, डोळ्यांना न दिसणारं. तुमच्या घरात, शाळेत, शेतात अशा जुन्या वस्तू असतील. त्यांना सजवा, पण आधी जाणत्या माणसाला विचारा की ही वस्तू कशाच्या जोरावर काम करते. त्यानं ‘नको’ म्हटलं तर ‘का’ विचारा. कादरनं ‘का’ विचारलं नाही, स्वतःच कारण ठरवून टाकलं. मला एवढंच सांगायचं होतं.

आज सोमवार. आज ईद. सकाळी सगळे नवे कपडे घालून नमाजाला गेले. तिथून कादर थेट घाटावर आला. त्याच्यामागं सकीना आली, हातात शीरखुर्म्याची वाटी.

“आजच जायचं?” ती म्हणाली.

“आजच तिसरा दिवस हाय.”

“ते काय करतील तुमाला? आन उद्या नावंत कोन बसंल?”

“कुनी न्हाई बसलं तर न्हाई बसलं.”

सकीनानं त्याला वाटी दिली. त्यानं उभ्या उभ्या दोन घोट घेतले आणि वाटी परत केली. गावातून गोरक्षाच्या घणाचा आवाज येतो आहे. ठण, ठण. तो आलेला नाही.

कादरनं मला खांद्यावर उचललं आहे. शेंडा पुढं, भोक वरच्या बाजूला, कुणालाही दिसेल असं. त्यानं मला नावेत आडवं ठेवलं आणि नावेचा दोर सोडला. पलीकडच्या काठावर माणसं जमू लागली आहेत, मला दिसतं आहे. आणि त्या सगळ्यांपासून लांब, बाभळीच्या बुंध्याशी, एक बाई एकटी बसली आहे.

कादरनं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि वल्हं पाण्यात घातलं.